पाईप फुटला तर धरायचं कोणाला?

प्रश्न कारंजा तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंचा आहे. त्यांच्या शिवाराला लागून समृद्धी महामार्ग गेला आणि महामार्गाच्या कडेनं गॅसची लाईन. भाचा मेहसाण्याला तेलाच्या विहिरींवर कंत्राटदाराकडं लागला आहे. तो सांगतो, तिकडं वावरात पाईप लीक होतात, तेल पसरतं, त्या पट्ट्यात पुढं पीक धरत नाही. भाऊ विचारतात, "सरकारचा ह्यावर काही कायदा हाय का नाई? उद्या आमच्या वावरात असं झालं त धरायचं कोनाले?"

कायदा आहे. एक नाही, पाच-सहा आहेत, आणि खातीही जवळपास तेवढीच. माझी सगळी नोकरी पाइपलाइनच्या देखभालीत गेली. आधी गुजरातेत तेलक्षेत्रावर, मग लांब पल्ल्याच्या लाईनींवर. त्यावरून झालेलं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडं काय किंवा अमेरिकेत काय, सरकारची नजर मोठ्या आणि जास्त दाबाच्या लाईनीवर असते. तेल सांडतं ते बहुतकरून बारक्या, जुन्या, कमी दाबाच्या लाईनीतून. तुमच्या भाच्यानं पाहिली ती ह्या दुसऱ्या जातीची, तुमच्या शिवाराजवळची पहिल्या जातीची. म्हणून उत्तरं दोन आहेत.

तुमची लाईन आधी. ती गेल ह्या सरकारी वायू कंपनीची मुंबई–नागपूर–झारसुगुडा लाईन. तिचा मुंबई–नागपूर टप्पा जवळजवळ सातशे किलोमीटरचा, पाईप २४ इंची, आणि बहुतेक लांबी समृद्धीच्या सोबतीनंच नेलेली. तिच्यात तेल नाही, नैसर्गिक वायू आहे. ती फुटली तर आगीची भीती खरी, पण वायू हवेपेक्षा हलका असतो, वर निघून जातो. वावर तेलकट होण्याचा प्रश्न तिथं नाही. विदर्भात कच्च्या तेलाची विहीरही नाही. गायगाव, खापरी, बोरखेडीच्या डेपोत येतं ते तयार पेट्रोल-डिझेल. तेव्हा भाच्यानं सांगितलेलं दृश्य डोळ्यासमोर आणून झोप उडवून घेऊ नका. तुमच्या लाईनीला खरा धोका वेगळाच आहे, त्यावर पुढं येतो.

आता मेहसाण्याकडं. विहिरीतून वर येतं ते नुसतं तेल नसतं. तेल, खारं पाणी, वायू, थोडी वाळू असा सगळा काला असतो. तो तीन-चार इंची पाईपनं गोळा करण्याच्या केंद्रात नेतात. त्या पाईपला फ्लोलाईन म्हणतात आणि केंद्राला जीजीएस. एका क्षेत्रात अशा शेकडो फ्लोलाईनी बाजरीच्या, एरंडीच्या वावरांतून, धुऱ्याधुऱ्यानं गेलेल्या असतात. विहीर जुनी होत गेली की तेल कमी आणि पाणी जास्त. प्रवाह मंदावतो, तेल वर तरंगतं आणि पाणी-गाळ पाईपच्या तळाला बसतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून ते आंबट होतं, गाळाखाली सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात, आणि पाईप आतून, खालच्या बाजूनं कुरतडला जातो. वरून पाहाल तर रंगसुद्धा शाबूत असतो.

पहिलं भोक सुईच्या टोकाएवढं पडतं. ठिबकच्या एका नळीला भोक पडलं म्हणून मोटारीवरच्या मीटरला कळत नाही, तसंच इथं. लांब पल्ल्याच्या लाईनीवर दोन्ही टोकांना मीटर असतात, दाब-प्रवाहाचे आकडे सतत कंट्रोल रूमला जात असतात. फ्लोलाईनीवर सहसा यातलं काही नसतं. गळती सापडते ती चालता-बोलता माणसाला: ढोरं चारणाऱ्याला, पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला. मग कंत्राटदाराची माणसं येतात, दाब सोडतात, भोकात लाकडी खुंटी ठोकतात, वरून रबर घालून लोखंडी क्लॅम्प आवळतात. काम अर्ध्या दिवसाचं. थोड्या दिवसांनी दोन हात पलीकडं दुसरी गळती, दुसरा क्लॅम्प. ज्या लाईनीवर क्लॅम्पांची रांग दिसते ती बदलायची वेळ कधीच होऊन गेलेली असते. तरी ती चालू असते, कारण विहिरीचं उत्पन्न इतकं घटलेलं असतं की नव्या पाईपचा खर्च कोणी मंजूर करत नाही.

पीक धरत नाही त्याचं कारणही तेलापेक्षा त्या खाऱ्या पाण्यात जास्त आहे. तेल पडलेली माती उचलता येते, तेल खाणारे जिवाणू सोडून शुद्धही करता येते. टेरी ह्या दिल्लीच्या संशोधन संस्थेनं तयार केलेलं ऑइलझॅपर ह्याच कामासाठी आपल्याकडच्या तेलक्षेत्रांत वापरलं गेलं आहे. मिठाला जिवाणू खात नाहीत. सोडियम मातीत शिरला की कणांची घडी मोडते, माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगड होते, पाणी खाली जात नाही. हे मी अकोला, दर्यापूर, शेगावकडच्या लोकांना कशाला सांगू? पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच भोगताहेत. तिथं ते निसर्गानं आलं, तेलक्षेत्रात पाईपनं येतं. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात ब्लॅकटेल क्रीक नावाच्या ओढ्याजवळ अशाच खाऱ्या पाण्याची लाईन ऑगस्ट २०१४ पासून जानेवारी २०१५ पर्यंत गळत राहिली. सांडलेलं पाणी २ कोटी ९० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ११ कोटी लिटर. पाच महिने! कंपनीकडच्या आकड्यांत तूट दिसत होती, तरी लाईन चालूच होती. पुढं फौजदारी खटला झाला, कंपनीनं गुन्हा कबूल केला, पण ते सगळं २०२१ मध्ये.

आता कायदा. तेलाची विहीर कायद्याच्या दृष्टीनं खाण आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत ती १९५२ च्या खाण कायद्याखाली येत होती, आता त्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता आली आहे. वणी, चंद्रपूर, उमरेडच्या कोळसा खाणींत तपासणीला उतरतात ते डीजीएमएस, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय, त्याचं मुख्यालय धनबादला. तेलाच्या विहिरीवरही तेच. त्यांची नियमावली आहे ऑइल माइन्स रेग्युलेशन्स. १९८४ ची होती, ती २०१७ मध्ये नवी केली. तेलक्षेत्रातल्या पाइपलाइनींचा मार्ग, रचना, पुरणं, पाण्याच्या दाबानं चाचणी, आणीबाणीची योजना, हे सगळं त्यात येतं. कागदावर वाचलं तर काही कमी नाही. पण खाण निरीक्षकाच्या डोळ्यासमोर आधी माणूस मरण्याचा धोका असतो: विहिरीचा ब्लोआउट (तेल-वायू आवरेनासा होऊन उसळणं), आग, डेरिकवरून (विहिरीवरच्या उंच मनोऱ्यावरून) पडणं. आसाममधल्या बागजानची विहीर आठवा. २७ मे २०२० ला उसळली, ९ जूनला पेटली, विझायला नोव्हेंबर उजाडला. तिथं खात्याचं लक्ष जाणारच. धुऱ्यावरच्या चार इंची पाईपातून ठिबकणारं तेल हा त्यांच्या हिशेबात मागचा विषय. निरीक्षकांची संख्या आणि फ्लोलाईनींची लांबी यांचा मेळ बसत नाही, हे खरं दुखणं.

तेल केंद्रातून निघून लांब पल्ल्याच्या लाईनीत गेलं की मालक तोच असला तरी खातं बदलतं. ओआयएसडी हे सुरक्षा संचालनालय १९८६ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं उभं केलं. देशभरच्या लाईनी बांधायच्या कशा (मानक १४१) आणि तपासायच्या कशा (मानक १३८) हे त्यांनी लिहिलं. वायूच्या आणि पेट्रोल-डिझेलच्या लाईनींवर पीएनजीआरबी हे नियामक मंडळ आहे, २००६ च्या कायद्यानं आलेलं. त्यांचे नैसर्गिक वायूच्या लाईनींचे तांत्रिक नियम २००९ चे, आणि लाईन आयुष्यभर धडधाकट ठेवण्याचे नियम २०१२ चे. साठवण, टँकर, पेट्रोल पंप हे पेसो ह्या स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेच्या केंद्रीय खात्याकडं, म्हणजे आपल्या नागपुरातच, सेमिनरी हिल्सला. एवढं देशव्यापी खातं तिथं बसतं हे नागपूरच्या अर्ध्या लोकांना माहीत नसेल. प्रदूषण झालं तर महाराष्ट्रात राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, तेलानं माखलेली माती घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत. ती कुठंही नाल्यात टाकता येत नाही, परवानाधारक जागीच न्यावी लागते. आपल्याकडं तशी सोय बुटीबोरीला आहे.

अमेरिकेचं उदाहरण देतो ते एवढ्यासाठी की तिकडं हीच गोष्ट उघड झाली. अलास्कात प्रूडो बे नावाचं त्यांचं सर्वांत मोठं तेलक्षेत्र. मार्च २००६ मध्ये तिथल्या क्षेत्रांतर्गत लाईनीच्या तळाला गंजून भोक पडलं आणि आठ लाख लिटरच्या आसपास तेल बर्फावर सांडलं. ती ३४ इंची लाईन, पण दाब कमी. कमी दाबाची, निर्जन भागातली म्हणून ती केंद्र सरकारच्या पाइपलाइन नियमांतून वगळलेली होती. तिच्या आतून तपासणीचं यंत्र १९९८ नंतर फिरलंच नव्हतं. त्याच वर्षी संसदेनं कायदा केला आणि २००८ मध्ये कमी दाबाच्या लाईनी नियमांत घ्यायला सुरुवात झाली. दाब कमी तर धोका कमी, हा हिशेब इंजिनिअरला पटतो. भोक मात्र दाबानं पडत नाही, गंजानं पडतं, आणि कमी दाब, मंद प्रवाह म्हणजे गंजाला जास्त सोय.

दुसरं उदाहरण शेतकऱ्याचं. सप्टेंबर २०१३ मध्ये नॉर्थ डकोटातल्या टायोगा गावाजवळ एक शेतकरी गव्हाची कापणी करत होता. यंत्राच्या चाकांना तेल लागलं. उतरून पाहतो तर गव्हात कच्चं तेल उभं. सहा इंची पाईपला पाव इंचाचं भोक, सांडलेलं तेल वीस हजार सहाशे पिंप, म्हणजे सुमारे ३३ लाख लिटर. कंपनीच्या यंत्रणेला त्याच्याआधी पत्ता नव्हता. आपल्याकडं तमिळनाडूत तंजावर जिल्ह्यातल्या कथिरामंगलमला ३० जून २०१७ ला ओएनजीसीच्या लाईनीतून धानाच्या बांधीत तेल आलं, तेही आधी दिसलं गावकऱ्यांना. पुढं आंदोलन, पोलीस, अटक असं सगळं झालं.

मग नियम पाळलेली लाईन दिसते कशी? पुरण्याआधी सांध्यांची क्ष-किरणांनी तपासणी, पाईपवर पॉलिइथिलीनचं तिहेरी आवरण, शेतातून किमान एक मीटर माती वर, आणि चालू करण्याआधी पाणी भरून कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन ठेवणं. चालू झाल्यावर ठराविक वर्षांनी पिग सोडतात. हे पाईपच्या आतून वायूच्या किंवा तेलाच्याच रेट्यानं जाणारं यंत्र, चुंबकाच्या मदतीनं भिंत कुठं पातळ झाली ते नोंदवत जातं. फ्लोलाईन तीन-चार इंची, वळणं फार, पिग सोडायची-काढायची सोय नाही, त्यामुळं हा उपाय तिथं चालत नाही. तिथं वरून अल्ट्रासाउंडनं जाडी मोजणं, गंजरोधक रसायन सोडणं आणि वेळेवर पाईप बदलणं, हेच उरतं.

मोठी लाईन आहे म्हणून निर्धास्त राहायचं असंही नाही. आंध्रात नगरम गावी २७ जून २०१४ च्या पहाटे गेलची वायूची लाईन फुटून आग लागली, वीसहून जास्त माणसं गेली. कोरड्या वायूसाठीच्या लाईनीत ओला वायू येत होता, पाणी आणि द्रव तळाला साचून पाईप आतून खाल्ला गेला होता. मंदावलेल्या फ्लोलाईनीत होतं तेच, फक्त पाईप मोठा.

आवरणाला कुठं ना कुठं ओरखडा असतोच, म्हणून बाहेरच्या गंजासाठी पाईपला बारीक विद्युतप्रवाह देऊन ठेवतात. धुऱ्याजवळ ठराविक अंतरावर खांबासारख्या पेट्या दिसतात, ढोरं बांधायला बऱ्या पडतात, त्या ह्याच्या मोजणीसाठी. मोजणारा येतो, पेटीतल्या तारेला मल्टिमीटर लावतो, दुसरी तार तांब्या-मोरचुदाच्या कांडीला, आणि कांडी जमिनीवर टेकवतो. आकडा उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त उणा हवा. आपल्या काळ्या मातीत ह्याची गंमत अशी की एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कांडी नुसती ढेकळावर टेकते आणि आकडा काहीच्या काही येतो. तिथं बाटलीभर पाणी ओतून ते मातीत मुरू द्यावं लागतं, मग कांडी दाबून बसवायची, मग वाचायचं. घाईतला माणूस हे करत नाही, मागच्या वेळचाच आकडा वहीत उतरवतो. ऑडिटला वही छान दिसते. शिवाय ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दरवर्षी आवरणाला, विशेषतः सांध्यांवरच्या पट्ट्यांना, ओढत राहते. वाळूतल्या लाईनीला हे नाही. विदर्भातल्या लाईनीची मोजणी गुजरातच्या चालीवर केली तर चालणार नाही असं मी वरिष्ठांना नेहमी सांगत आलो; ऐकणारे थोडे भेटले.

आता तुमच्या लाईनीचा खरा धोका: जेसीबी. शेततळं, पांदण रस्ता, नाला खोलीकरण, विहीर. मजूर फावड्यानं खोदायचा तेव्हा आवरण खरचटायचं, पाईप वाचायचा. जेसीबीचं बकेट पाईपला खोक पाडतं आणि चालवणाऱ्याला दगड लागला असं वाटतं. कधी तो लगेच फुटत नाही, काही वर्षांनी त्याच जागी फुटतो. चोरीसाठी पाईपला भोक पाडणारेही आहेत, पण ते तेलाच्या लाईनींवर. वायू कोणी डब्यात नेत नाही.

ह्यासाठी १९६२ चा कायदा आहे, पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइनींचा. तुमच्या लाईनीचा मोठा भाग महामार्गाच्या हद्दीत असल्यानं तो प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही, पण उद्या एखादी शाखा वावरातून गेली तर लागेल. त्यात जमीन तुमचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो आणि तो सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढतो. अधिसूचनेची प्रत लोकांना उपलब्ध झाल्यावर २१ दिवसांत हरकत घेता येते, ती लेखी घ्या. पट्टा सहसा १८ ते ३० मीटर रुंदीचा. त्यात घर, विहीर, तळं, बंधारा करता येत नाही, झाड लावता येत नाही. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, हरभरा खुशाल घ्या. संत्र्याची बाग मात्र त्या पट्ट्यात ठेवता येत नाही, म्हणून वरुड-मोर्शीकडच्या माणसानं हरकतीच्या वेळीच बोलावं. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, पिकाचं आणि झाडांचं नुकसान वेगळं. रक्कम आधी सक्षम प्राधिकारी ठरवतो, पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडं जाता येतं. पुढं देखभालीसाठी येऊन खोदलं तरी पिकाची भरपाई मागता येते, हे बरेच जण विसरतात. दहा टक्के मला स्वतःला कमी वाटतात. वापराचा हक्क म्हणतात खरा, पण ज्या पट्ट्यात विहीर नाही, बाग नाही, घर नाही, त्याची किंमत विकताना किती उतरते ते तलाठ्यालाही माहीत असतं.

पट्ट्याजवळ कुठंही खोदायचं असेल तर खांबावरच्या नंबरवर आधी फोन करा. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं, जेसीबीवाल्याच्या फोनमध्ये ते असायला हवं.

आणि वास येईल तेव्हा कळेल, ह्या भरवशावर राहू नका. घरगुती सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो. लांब पल्ल्याच्या लाईनीतल्या वायूला तो सहसा नसतो. ओळख दुसरी: सुईं असा आवाज, वाऱ्याशिवाय उडणारी धूळ, साचलेल्या पाण्यात सतत येणारे बुडबुडे, किंवा हिरव्या पिकात पट्ट्याच्या रेषेवर गोल पिवळा पडलेला तुकडा. असं दिसलं तर मोटार चालू करू नका, ट्रॅक्टर तिथं नेऊ नका, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला सरका आणि लांब जाऊनच मोबाईल काढा. खांबावरचा नंबर, मग ११२.

धरायचं कोणाला, ह्याचं उत्तर असं की लाईन ज्याची, त्याला. कंत्राटदार त्याचा, म्हणून जबाबदारीही त्याचीच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात चूक कोणाची हे सिद्ध न करताही भरपाई देता येते, आणि ती मागायला घटनेपासून पाच वर्षांची मुदत आहे. महाराष्ट्रासाठी खंडपीठ पुण्याला. त्यासाठी कागद मात्र पहिल्या दिवसापासून हवा. तलाठी आणि कृषी सहायकाच्या सहीचा पंचनामा, तारीख दिसेल असे फोटो, आणि मातीचे नमुने दोन जागचे: एक गळतीच्या जागचा, एक त्याच वावरातल्या न बिघडलेल्या कोपऱ्यातला. दुसरा नमुना नसला की कंपनीचा वकील म्हणतो जमीन आधीपासूनच खारी होती, आणि खारपाणपट्ट्यात ते पटायलाही वेळ लागत नाही. तपासणी अहवालात तेलासोबत क्षारता आणि सोडियम मागा. कंपनीची माणसं माती उचलून न्यायला आली तर कुठं नेताय ते लेखी घ्या.

भाच्याला एवढंच विचारायला सांगा: ज्या फ्लोलाईनीवर तो काम करतो, तिची जाडी शेवटची कधी मोजली, आणि तिच्यावर क्लॅम्प किती आहेत. तिथल्या शिफ्ट इन्चार्जकडं लीकचं रजिस्टर असतं. एकाच लाईनीचा नंबर त्यात पुन्हा पुन्हा दिसत असेल तर त्या पानाचा फोटो त्यानं काढू नये, नोकरी जाईल. पण डीजीएमएसच्या विभागीय कार्यालयाला लाईनीचा नंबर, विहिरीचा नंबर आणि तारखा लिहून साधं पत्र कोणीही पाठवू शकतं. जमीन ज्याची खराब झाली त्या तिथल्या शेतकऱ्यानं पाठवलं तर सगळ्यात बरं, आणि प्रत गुजरातच्या प्रदूषण मंडळाला.